उलट वाचा, सुलट वाचा

आमच्या मोठीमायला बारा आणि एकवीस यांतला फरक कागदावर ओळखता येत नव्हता, आणि त्यापायी एकदा नऊ क्विंटल केळी हवेत विरून गेली. ही गोष्ट फैजपूरची, १९६३ च्या सुमाराची. उलटसुलट सारख्या वाचल्या जाणाऱ्या शब्दांवर आणि आकड्यांवर लिहायला बसलो आणि सुरुवात केळीपासून झाली, हे वाचकांना विचित्र वाटेल; पण माझ्या डोक्यात या दोन गोष्टी अशा गुंतल्या आहेत की एक ओढली की दुसरी आपोआप येते.

मोठीमाय म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. काका लवकर गेले. मळा, विहीर, गडीमाणसे सारे तिच्या अंगावर पडले आणि तिने ते निभावलेही. कोणत्या खांबाला किती पाणी द्यायचे, घड कधी उतरवायचा, कोणता गडी कामचुकार, हे तिला डोळे मिटून सांगता येई. फक्त कागद समोर आला की ती गप्प होई. अक्षरओळख नव्हती. अंगठा होता.

त्या दिवसांत सावदा, निंभोरा, रावेर या स्टेशनांवरून केळीच्या वाघिणी भरून दिल्लीकडे जात. एका हंगामात तिने दोन दिवसांत मिळून माल घातला. काट्यावरच्या माणसाने मोठ्याने वजन सांगितले, दिवाणजींनी पावती लिहिली, हिने अंगठा उठवला आणि पावती कमरेच्या चंचीत खोवून घरी आली. रात्री वडिलांनी कंदिलाजवळ पावती धरली आणि विचारले, "वहिनी, माल किती भरला होता?"

"एकवीस. कानांनी ऐकलं ना मी! एकवीस म्हणे तो."

"इथे तर बारा लिहिले आहेत."

"मले काय माहीत कागदावर काय लिहेल हाये!"

वडील सरकारी कचेरीत कारकून होते. आयुष्यभर बेरजा जुळवण्यात गेलेला माणूस. त्यांनी क्षणभर बोटे मोडली आणि म्हणाले, "फरक नवाचा आहे. म्हणजे आकडे उलटे पडलेत." मी दहा-अकरा वर्षांचा होतो. फरक नवाचा आहे एवढ्यावरून आकडे उलटे पडल्याचे कसे कळले, हा मला चमत्कारच वाटला. दुसऱ्या दिवशी वडील जाऊन आले. पण कागदावर अंगठा होता. मुद्दाम केले म्हणावे तर पुरावा नाही, चुकून झाले म्हणावे तर कबुली नाही. विहिरीवरच्या इंजिनाचा हप्ता तोंडावर आला होता, तो मोठीमायची एक पाटली गहाण पडून भागला. ती पाटली पुढे सुटली का, ते मला आठवत नाही. तिचा मोकळा मनगटाचा हात मात्र आठवतो.

वडिलांची युक्ती हिशेबनीस मंडळींना चांगली ठाऊक असते. कोणतीही दोन अंकी संख्या घ्या, तिचे अंक उलटे मांडा आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तर नवाच्या पटीतच येते. ५२ आणि २५ यांत २७, ८१ आणि १८ यांत ६३. कारण साधे आहे. दशकाच्या घरातला अंक एककाच्या घरात आला की तो दहा पटीवरून एका पटीवर उतरतो, म्हणजे नऊ पटींनी घसरतो. आणि एककाचा अंक वर चढतो तो नऊ पटींनीच. म्हणून ताळेबंदात काही केल्या न जुळणारी रक्कम नवाने भागली जात असेल, तर जुना मुनीम आधी उलटे पडलेले आकडे शोधायला लागतो. आता संगणक आले, तरी रक्कम हाताने भरणारा माणूस ३६ चे ६३ आजही करतोच.

त्या पावतीनंतर आठ दिवसांनी मोठीमायने मला बोलावून सांगितले, "तुही पाटी घेऊन ये. मले आकडे शिकव." साताऱ्याकडे १९५९ साली सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम तोवर राज्यभर पसरली होती, आणि प्रौढांनी पाटी धरण्यात आता कुणाला हसू येत नसे. तरी ती वर्गाला गेली नाही. तिला शिक्षक हवा होता तो घरातला, ज्याला दोन धपाटे घालता येतील असा.

एक ते दहा दोन दिवसांत झाले. पुढे गाडे अडले ते असे अडले की शिक्षकच रडकुंडीला आला. मी म्हणे, "एकवीस लिही." ती आधी एक काढी, मग त्याच्या उजवीकडे दोन. झाले बारा! मी पुसून टाकी, पुन्हा सांगे, पुन्हा तेच. शेवटी तिने खडू ठेवला आणि मलाच विचारले, "तूच एक म्हनतो ना आधी? एक-वीस. मंग एक आधी काहून लिहू नये?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर आजही समाधानकारक नाही. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. जीभ एकीकडून चालते, हात दुसरीकडून. संस्कृतातल्या एकविंशतीपासून हे चालत आले आहे. आकड्यांची चाल डावीकडे, असा जुन्या ज्योतिषांचा दंडकच होता. जर्मन लोकही एक-आणि-वीस असेच म्हणतात. २०१९ सालच्या जून महिन्यात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असे वाचन आले, तेव्हा केवढा गदारोळ उडाला ते वाचकांना आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर शांतपणे समजावून सांगत होत्या की लहान मुले याच ठिकाणी अडखळतात. चेष्टा करणाऱ्यांत माझे काही मित्रही होते. मी गप्प होतो. माझ्या डोळ्यांपुढे खडू ठेवून बसलेली मोठीमाय होती.

पण त्या पाटीवर एक गंमत घडली. अकरा, बावीस, तेहेतीस, चव्वेचाळीस हे आकडे मात्र तिचे कधीच चुकत नसत. कुठूनही लिहायला सुरुवात करा, बावीस ते बावीसच! दोन दोन आणि तीन तीन. तिला हे उमगले तेव्हा तिने गुडघ्यावर थाप मारली. "आरं, हे तं दोन्हीकून सारखेच हायेत. यांच्यात कोनी फसवू शकत नाही." आणि पुढच्या हंगामात तिने काय करावे? माल बावीस क्विंटल भरेल असाच बेताने उतरवला! काट्यावर दोन घड जास्त झाले, ते तिने खाली काढून ठेवले. लोक हसले. तिने पावती हातात घेऊन दोन सारखे अंक पाहिले आणि मगच खाली सही केली. अंगठा नव्हे, सही. ती कशी वेडीवाकडी होती ते विचारू नका.

आकड्यांमागून अक्षरे आली, आणि हा खेळ तिने अक्षरांतही शोधायला सुरुवात केली. नव्याने वाचायला शिकणारा माणूस शब्द अख्खा पाहत नाही, एकेक अक्षर सुटे सुटे पाहतो. म्हणून अशा गोष्टी त्याला आपल्याआधी दिसतात. तिचा पहिला शब्द स्वयंपाकघरातला होता : कणिक. मग नयन, नवीन, कडक, रबर, जहाज, सरस. वाहवा हाही त्यातलाच, हे माझ्या लक्षात यायला काही वर्षे गेली. गांधीजींनी १९१९ मध्ये हाती घेतलेल्या गुजराती साप्ताहिकाचे नाव 'नवजीवन', तेही उलटे वाचून पाहा. भाषांच्या नावांत मलयालम तसे आहे, आणि मौज अशी की ते नागरीत लिहा वा रोमन लिपीत, दोन्हीकडे उलटसुलट सारखे. नात्यांत तर रांगच आहे, काका, मामा, दादा, बाबा. पण ते सोपे. दोन सारखी अक्षरे शेजारी ठेवण्यात काय मर्दुमकी?

अशा शब्दाला किंवा वाक्याला मराठीत विलोमपद म्हणतात. संस्कृतातले जुने नाव गतप्रत्यागत, म्हणजे गेलेले आणि परत आलेले. इंग्रजीतला पॅलिंड्रोम हा शब्द ग्रीकवरून आला, त्याचा अर्थ मागे धावणारा. ओळखण्याची रीत सोपी आहे. शब्दाची अक्षरे सुटी करून एका ओळीत लिहा आणि कागद मधोमध दुमडा. अक्षरावर अक्षर पडले पाहिजे. अक्षरे विषम असतील तर मधले एक घडीवर एकटे राहते, आणि त्याला जोडीदाराची गरज नसते. 'रामाला भाला मारा' घ्या. रा, मा, ला, मग भा, आणि पुन्हा ला, मा, रा. भा घडीवर, बाकी जोड्या. 'टेप आणा आपटे', 'ती होडी जाडी होती', 'हाच तो चहा' ही आपल्या घराघरांतली वाक्ये या कसोटीला पूर्ण उतरतात. शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांनी मारलेली हाक सर्वांना पाठ आहे. तिच्यातला 'मला' काढा आणि काकांना दोनदा पुकारा : काका, वाचवा, काका! मृत्यूच्या दारातल्या वाक्यावर खेळ करू नये हे मला कळते, पण शाळेत असताना कुणाला ते कळते?

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. इंग्रजीत मोजायचे ते एकेक लिपिचिन्ह, आपल्याकडे मोजायचे ते आख्खे अक्षर, काना-मात्रेसकट. 'मा' हे एक. त्याचा काना वेगळा काढून उलटीकडून आधी वाचू लागलात तर कोणतेच वाक्य उभे राहणार नाही. म्हणून 'रावेर' अगदी दारापर्यंत येऊन अडते. व्यंजने पाहिली तर र-व-र, पण काना पहिल्या र ला आहे आणि शेवटच्याला नाही. मला याचे लहानपणी फार वाईट वाटे. शेजारच्या तालुक्याचे गाव, एवढी केळी पिकवते, आणि एका कान्यासाठी हुकते!

यापेक्षा मोठे भांडण ऱ्हस्व-दीर्घाचे आहे. 'चिमा काय कामाची' हे मराठीतले बहुधा सर्वांत लाडके विलोमवाक्य. पण डोळ्यांत तेल घालून पाहा : सुरुवातीची चि पहिली, शेवटची ची दुसरी. 'तो कवी डालडा विकतो' यातही वी आणि वि. शाळामास्तर असली वाक्ये नापास करतात. यात वाक्य रचणाऱ्याचा दोष फारसा नाही. मराठी शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ लिहायचा, असा आपल्या लेखनाचा नियम आहे. १९६२ साली मान्य झालेल्या शुद्धलेखनाच्या नियमांतही तो आहे. तेव्हा शब्दाच्या शेवटी दीर्घ आणि तेच अक्षर दुसऱ्या टोकाला शब्दाच्या आरंभी आले की बहुधा ऱ्हस्व, अशी ही अडचण नियमातच बसलेली आहे.

पण थांबा. आमच्या घरी माळ्यावर आजोबांच्या जुन्या वह्या होत्या, मोडी लिपीतल्या. मोडीत ऱ्हस्व आणि दीर्घ असा भेद सहसा करतच नाहीत, इकार एकच आणि उकारही एकच. शब्दांत अंतरही सोडत नाहीत. एक ओळ ओढायची आणि अक्षरे तिला टांगत जायची. म्हणजे 'चिमा काय कामाची' हे नागरीत लंगडते, पण मोडीत लिहिले तर दोन्ही पायांवर ताठ उभे राहते! हे मला कळले तेव्हा मी पन्नाशीचा होतो, आणि सांगायला धावत जावे असे माणूस उरले नव्हते. माझ्या मते या वाक्याला माफी द्यावी. कान ऱ्हस्व-दीर्घाची एवढी खळखळ करीत नाहीत, आणि विलोमपद हा शेवटी जिभेचा खेळ आहे.

मोठीमायचा या विद्येतला खरा पराक्रम वेगळाच. एका संध्याकाळी ओट्यावर पाटी घेऊन ती बसली होती. मी तिला सोपी वाक्ये लिहायला सांगत होतो. 'तो जातो.' तिने लिहिले आणि बघत राहिली. मग 'तो येतो'. मग 'तो खातो'. पाटी माझ्याकडे फिरवून म्हणाली, "हे पाय. गेला तरी तोच, आला तरी तोच." मी पाहिले. तो-जा-तो. तो-ये-तो. तो-खा-तो! घेतो, देतो, नेतो, गातो, पितो, भितो, धुतो, होतो, जिथे जिथे धातू एका अक्षराचा आहे तिथे तिथे मराठी व्याकरणच विलोमपद बनवून देते. शोधावे लागत नाही. बाळासाठी 'ते येते', 'ते जाते' हेही तसेच. बाईचे मात्र जमत नाही. 'ती जाते' उलटे वाचले तर 'तेजाती' होते. देशावर कुठे कुठे 'ती जाती' म्हणतात, तिथे बाईही परत येते, पण पुस्तकी मराठीत नाही. मोठीमायला हे पटले नाही. "बाईनंच काय घोडं मारलं?" म्हणून ती दोन दिवस शोधत होती आणि तिसऱ्या दिवशी तिला ते सापडले, भूतकाळात. 'तो होता' उलटे होत नाही. 'ती होती' होते. तिने ते लिहून दाखवले, आणि त्याखाली आणखी दोन शब्द लिहिले, तेही दोन्हीकडून सारखे : 'ती माती'. मळ्यातल्या बाईला दुसरे काय सुचणार!

आता थोडे घराबाहेर पडू. हा छंद किती जुना, तर व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली इसवी सन ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या पाँपी शहरात भिंतीवर कोरलेला पाच लॅटिन शब्दांचा एक चौकोन सापडला आहे. तो आडवा, उभा, पुढून, मागून, कसाही वाचा, तेच पाच शब्द. आपल्याकडे भारवीने किरातार्जुनीयाच्या पंधराव्या सर्गात आणि माघाने शिशुपालवधाच्या एकोणिसाव्या सर्गात असल्या कसरती केल्या. युद्धाच्या वर्णनात त्या आहेत, हे मला मोठे योग्य वाटते. सैन्य पुढे जाते, मागे येते, अक्षरेही तशीच. पुढे सतराव्या शतकात कांचीपुरम् प्रांतातल्या वेंकटाध्वरीने 'राघवयादवीय' रचले. त्यातले तीस श्लोक सरळ वाचले तर रामाची कथा, उलट वाचले तर कृष्णाची.

पण त्याच्याही आधी, सोळाव्या शतकात, हा प्रकार आपल्या मराठी मुलखात झालेला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. गोदावरीकाठच्या पार्थपूरचा (अभ्यासक ते परभणी जिल्ह्यातले पाथरी मानतात) दैवज्ञ सूर्यकवी, त्यालाच सूर्यदास म्हणतात, त्याचे 'रामकृष्णविलोमकाव्य'. यात श्लोकाचा पहिला अर्धा रामावर, आणि तीच अक्षरे उलट्या क्रमाने आली की दुसरा अर्धा कृष्णावर. म्हणजे अख्खा श्लोक मधोमध दुमडलेला. हा सूर्यदास कोण, तर ज्योतिषी ज्ञानराजाचा मुलगा आणि भास्कराचार्यांच्या लीलावतीवर आणि बीजगणितावर टीका लिहिणारा गणिती! आणि भास्कराचार्यांचा धागा पुन्हा आमच्या खानदेशात येतो. चाळीसगावजवळच्या पाटणला १२०७ सालचा शिलालेख आहे; भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तिथे मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. गणितात मुरलेल्या माणसालाच विलोमकाव्याचा नाद लागावा, यात नवल नाही. समीकरणाच्या दोन बाजू सारख्या करण्याची ज्याला सवय, तो श्लोकाच्याही दोन बाजू सारख्या करून पाहणारच. काव्य म्हणून या रचना किती सरस, हा प्रश्न वेगळा. मला त्या वाचताना दोरीवरून चालणारा डोंबारी आठवतो. आपण त्याची चाल पाहत नाही, तो पडत कसा नाही ते पाहतो.

आकड्यांत मात्र मला कधी कंटाळा येत नाही. माझे पहिले विलोम वर्ष मी पंचांगावर पाहिले : शके १८८१, म्हणजे १९५९-६० साल. मी तेव्हा नुकताच वाचू लागलो होतो. इसवी सनात १८८१ नंतर १९९१ आले, एकशे दहा वर्षांनी. त्यानंतर अकराच वर्षांनी २००२. आता पुढचे २११२, म्हणजे पुन्हा एकशे दहा वर्षांची वाट. १९९१ आणि २००२ ही दोन्ही ज्यांनी पाहिली ते आपण सारे या बाबतीत भाग्यवान. आणखी एक, अंकांची संख्या सम असलेली कोणतीही विलोम संख्या अकराने निःशेष भागली जाते. १८८१, १९९१, २००२, करून पाहा. अकराची कसोटी म्हणजे एकाआड एक अंकांच्या बेरजा सारख्या येणे, आणि दोन्ही टोकांचे जोडीदार नेमके वेगवेगळ्या बेरजेत जाऊन बसतात, म्हणून हे साधते. मोठीमायचे बावीस आणि तेहेतीस हे या घराण्यातलेच.

आता कोणतीही संख्या घ्या, तिच्यात तिचीच उलटी संख्या मिळवा, आणि विलोम संख्या येईपर्यंत हे करीत राहा. ५७ आणि ७५ मिळून १३२. १३२ आणि २३१ मिळून ३६३. झाले. ८९ पासून निघालात तर मात्र चोवीस पायऱ्या चढाव्या लागतात, दिवाळीच्या सुटीत एका दुपारचे काम. आणि १९६? संगणकांनी कोट्यवधी अंकांपर्यंत ही बेरीज नेली, विलोम संख्या आलेली नाही. आणि कधी येणारच नाही, हेही कुणाला सिद्ध करता आलेले नाही. पावतीवरचे ते १२ आणि खरे २१, यांची बेरीज करा. ३३!

या उलटापालटीचे आपले गुरू म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. डहाणूला १९०५ साली जन्मलेला, देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ पर्यंत शिकवणारा हा मास्तर. पदव्युत्तर शिक्षण नव्हते, विद्यापीठाची खुर्ची नव्हती. त्यांनी १२१, १२३२१, १२३४३२१ अशा संख्यांच्या घराण्याला 'डेम्लो' नाव दिले. अकराला अकराने, एकशे अकराला एकशे अकराने गुणा, की या संख्या येतात, अंक डोंगरासारखे चढतात आणि उतरतात. डेम्लो हे डोंबिवलीच्या रेल्वे स्टेशनचे जुने नाव. तिथे ही कल्पना सुचली म्हणून ते नाव. आगगाडीची वाट पाहताना आपल्याला फक्त डास चावतात.

त्यांचा ६१७४ हा आकडा तर जगभर गेला. अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा आपल्याकडेही पुष्कळांना ते ठाऊक झाले. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, तेच उलट लावा, आणि वजा करा. उत्तराचेही तसेच करा. आमच्या गावाचे साल घेऊ, १९३६. त्या वर्षाच्या डिसेंबरात, २७ आणि २८ तारखेला, फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, गांधीजी हजर, आणि सजावट नंदलाल बोस यांची. मोठीमाय तेव्हा दहा वर्षांची पोर. तिला भाषणे आठवत नव्हती, आठवत होत्या त्या बांबूच्या कमानी आणि "एवढी मानसं की मातीच दिसे ना." तर ९६३१ मधून १३६९ गेले, ८२६२. मग ८६२२ मधून २२६८, ६३५४. मग ६५४३ मधून ३४५६, ३०८७. मग ८७३० मधून ०३७८, ८३५२. आणि ८५३२ मधून २३५८ गेले की ६१७४. पुढे कितीही करा, ७६४१ मधून १४६७ वजा जाऊन तेच. सातांपेक्षा जास्त पायऱ्या कधीच लागत नाहीत. वडिलांची नवाची युक्ती इथेही आहेच; ६१७४ म्हणजे ९ गुणिले ६८६.

शास्त्रज्ञ सांगतात की आपल्या पेशींतल्या डीएनएमध्येही असे उलटसुलट सारखे तुकडे असतात. एका धाग्यावर जे वाचायचे तेच समोरच्या धाग्यावर उलट दिशेने. डीएनए कापणारी काही विकरे नेमका असा तुकडा ओळखून तिथेच कातरी चालवतात. त्यांच्या शोधाला १९७८ चे नोबेल मिळाले. २०२० साली ज्या क्रिस्परला रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, त्या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांतले प हे पॅलिंड्रोमचेच. म्हणजे जो खेळ आम्ही ओट्यावर खेळत होतो, तो आमच्या अंगात आधीपासून चाललेला होता! मोठीमायला हे सांगितले असते तर ती म्हणाली असती, "असंल बापा."

तिला जाऊन आता बरीच वर्षे झाली. घराची वाटणी झाली तेव्हा माझ्या वाट्याला तिचा पत्र्याचा डबा आला. त्यात इंजिनाच्या हप्त्याच्या पावत्या होत्या, पोथीचे एक सुटे पान होते, आणि ती केळीची पावती होती, घडीवर फाटत आलेली. पुढच्या बाजूला दिवाणजींच्या वळणदार अक्षरातले १२, खाली जांभळा अंगठा. मागच्या बाजूला पेन्सिलीने २१, तिच्या हातचे, पुन्हा पुन्हा गिरवलेले. कधी लिहिले असावे ते कळायला मार्ग नाही. त्यातला दोन तिने उलट्या तोंडाचा काढला आहे.